‘बाहेरून आणा’ हे लेखी मागा

“औषध नाही. बाहेरून आणा.”

हे वाक्य मी दिवसातून किमान पन्नास वेळा बोलतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मी कंत्राटी औषधनिर्माता आहे. खिडकीच्या आत मी, बाहेर रांग. शिव्या मलाच पडतात. रोज बुडवून सकाळी सहाला घरातून निघालेली बाई साडेबाराला माझ्यापर्यंत पोहोचते आणि केसपेपरवरच्या पाच औषधांपैकी तिला दोनच मिळतात. तिने चिडायचे नाही तर काय करायचे?

मागच्या वर्षी याच रांगेत माझी अम्मी उभी होती. तिला इन्सुलिन लागते. आमच्या फ्रिजमध्ये ते तीन आठवडे नव्हते. मी तिलाही तेच सांगितले. तिने मेडिकलमधून एक बाटली विकत घेतली आणि ती जास्त दिवस पुरावी म्हणून गुपचूप अर्धाच डोस घेत राहिली. मुलाचा पगार दोन महिने रखडलाय, हे तिला ठाऊक होते. साखर चारशेच्या वर गेली, पायाची जखम चिघळली आणि शेवटी एक बोट काढावे लागले.

मोहल्ल्याने काय केले? आपण नेहमी करतो तेच. जुम्म्याच्या नमाजनंतर चंदा झाला, खासगी दवाखान्याचे बिल भागले. ज्यांनी दिले, त्या प्रत्येकाचा मी ऋणी आहे. तरीही आज तुमच्याशी भांडायला बसलोय. कारण त्या जुम्म्यालाही सरकारी फ्रिज रिकामाच होता आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाची अम्मी रांगेत होती.

मित्रांनो, चंदा करण्यात आपण वाकबगार आहोत. कोविडमध्ये ऑक्सिजन सिलिंडर पोहोचवले, कबरी खोदल्या, सगळ्या जातिधर्माच्या मयतीला खांदा दिला. याचा अभिमान आहेच. पण जे सरकारने द्यायचे ते आपण खैरातीतून भागवले, की सरकारची उणीव झाकली जाते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मोफत म्हणजे काय? केसपेपर फुकट आणि औषध बाजारात? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले होते, की राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी. महाराष्ट्राने तो आकडा गाठला नाही. याचा जाब किती जणांनी विचारला?

राग आपल्यालाही येतो, पण तो समोरच्या माणसावर निघतो. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यूंची बातमी आली. त्यात १२ नवजात बाळे होती. मग एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. औषधे आणि रिकाम्या पदांचा प्रश्न त्या व्हिडिओत कुठे होता?

आपल्यातले काही जण म्हणतात, “आपण मुसलमान, म्हणून असे वागवतात.” बुरखा बघून, मुलांची संख्या बघून मारलेले टोमणे मीही ऐकले आहेत. त्यांची तक्रार नाव आणि तारखेसह करायलाच हवी. पण रिकामा फ्रिज नाव विचारत नाही. त्या दिवशी अम्मीच्या पुढे ऊसतोडीवरून परतलेली वंजारी बाई होती, मागे एक बौद्ध म्हातारे होते. तिघेही रिकाम्या हाताने गेले. आपले साथीदार त्या रांगेतच आहेत आणि आपण त्यांना सोडून एकटेच मशिदीकडे वळतो.

आता माझा गुन्हा कबूल करतो. आम्हाला तोंडी सूचना असते: “नाही म्हणून सांगा, लिहून देऊ नका.” लिहिले नाही, तर तुटवडा कागदावर येत नाही आणि कागदावर नसलेल्या तुटवड्याबद्दल कुणाला जबाबदार धरता येत नाही. माझा करार ११ महिन्यांचा. मी घाबरतो. अम्मीच्या केसपेपरवरही मी ‘उपलब्ध नाही’ असे लिहिले नव्हते.

म्हणून तुमची गरज आहे. औषध नसेल तर केसपेपरवर ‘उपलब्ध नाही’ असे तारीख आणि सहीसह लिहून मागा. एकट्याने मागाल तर हाकलतील, दहा जणांनी मागितले तर लिहावे लागेल. माझ्यासारख्या कंत्राटी माणसालाही तेवढाच आधार मिळेल. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. कोणते औषध किती दिवस नव्हते, मागणी कधी पाठवली, किती पदे मंजूर आणि किती भरलेली, हे विचारा. रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत कोण बसते, तिच्या निधीतून काय खरेदी झाले, हेही विचारा. चंद्याची पेटी फिरवणारी पोरे हे अर्ज सहज लिहू शकतात.

चंदा बंद करा असे मी म्हणत नाही. चंद्याच्या पावतीसोबत एक अर्जही गेला पाहिजे, एवढेच मागतोय.

उद्या माझ्या खिडकीवर या. शिव्या द्यायच्या तर जरूर द्या. पण त्याआधी लेखी मागा. मी सही करीन.