सहा बोटांच्या वहीची अखेर

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं शाळकरी मुलें आहेत त्यांस ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ हें नांव अपरिचित नसावें. ही चित्रांकित रहस्यमालिका अमेरिकेंत डिस्नेच्या वाहिनीवर जून २०१२ मध्यें सुरू झाली आणि १५ फेब्रुवारी २०१६ रोजीं, चाळीस भाग होऊन, संपली. आमच्या घरीं ती यंदाच्या सुटींत नातवंडांबरोबर आली. ‘पोरांचीं चित्रें’ म्हणून प्रथम पाठ फिरवून बसलेले आम्ही तिसऱ्या भागापासून खुर्ची वळवून बसूं लागलों, हें कबूल करणें प्राप्त आहे.

डिपर आणि मेबल हीं बारा वर्षांचीं जुळीं भावंडें ऑरेगन राज्यांतील एका अरण्यवेष्टित गांवीं आपल्या चुलत आजोबांकडे राहावयास येतात. हे स्टॅन आजोबा म्हणजे भोळ्या प्रवाशांस बनावट अद्भुत वस्तु दाखवून पैसे उकळणारे लबाड गृहस्थ. डिपरला रानांत एक जुनी वही सांपडते. पुठ्ठ्यावर सहा बोटांचा सोनेरी पंजा, आणि आंत त्या गांवांतील खऱ्याखुऱ्या अद्भुतांची नोंद. लिहिणाराचें नांव मात्र कोठेंच नाहीं. हा वहीकार कोण, हें कथेचें बीज.

प्रत्येक भागाच्या अखेरीस सांकेतिक लिपींत एक ओळ येते. आरंभींच्या भागांत प्रत्येक अक्षराऐवजीं वर्णमालेंतील तीन घरें मागचें अक्षर घेतलें कीं ती उलगडते. पुढें कुलुपें अवघड होत जातात. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत गणलेला ‘म्लेच्छितविकल्प’ तो हाच असावा, असें आम्हीं सांगितलें, तेव्हां नातवानें आम्हांस प्रथमच बरोबरीचा मान दिला.

रहस्यकथांच्या शेवटाची आम्हांस नेहमींच धास्ती वाटते. गांठ मारतांना लेखकास जो उत्साह असतो तो सोडवितांना राहत नाहीं, आणि उत्तर प्रश्नाहून खुजें निघतें. येथें तसें झालें नाहीं. वहीकार निघतो स्टॅनचाच जुळा भाऊ, फोर्ड. तारुण्यांत स्टॅनच्या हातून फोर्डचें एक यंत्र नकळत बिघडलें, फोर्डची मोठ्या विद्यालयाची संधि गेली, आणि बापानें स्टॅनला घराबाहेर काढलें. पुढें फोर्ड परलोकाच्या द्वारांत ओढला गेला. ज्यास आपण भामटा समजत होतों तो स्टॅन तीस वर्षें तळघरांत तें द्वार दुरुस्त करीत बसला होता! म्हणजे वही कोणाची हें कळलें त्याच क्षणीं, हे दोघे एकमेकांशीं धड बोलतील काय, हा दुसरा प्रश्न उभा राहिला. आणि अखेरचा भाग उत्तर देतो तें या दुसऱ्याचें.

बिल सायफर नांवाचें एका डोळ्याचें त्रिकोणी पिशाच्च गांव गिळूं पाहतें. नेमलेल्या दहा जणांनीं हात धरून वर्तुळ केलें तरच त्याचा नाश व्हावयाचा. तें पुरें होतें न होतें तोंच स्टॅनच्या तोंडून सर्वनामाची एक चूक होते, आणि विद्वान फोर्ड ती तेथल्या तेथें दुरुस्त करितो. दोघे हातघाईवर येतात. वर्तुळ तुटतें.

मुलें खो खो हसलीं. आम्हांस हसूं आलें नाहीं. एकोणीस वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या बंधूंचें वडिलोपार्जित घराच्या वांटणीबद्दल रागाचें पत्र आलें होतें. आम्हीं तें लाल शाईनें शुद्ध केलें, ऱ्हस्वदीर्घाच्या चौदा चुका समासांत मांडल्या, आणि उलट टपालीं धाडून दिलें. त्यानंतर लग्नमुंजींच्या पत्रिकांखेरीज दोन घरांत कागद गेलेला नाहीं.

पुढें दोघे भाऊ कपडे बदलतात. बिलला फोर्डच्या मनांतील एक समीकरण हवें असतें. तें फोर्डच्या मनांत म्हणून शिरतें आणि सांपडतें स्टॅनच्या मनांत. मग फोर्ड स्वतःच्या हातानें भावाची सारी स्मृति पुसून टाकतो, कारण तिच्याबरोबर बिलही जळणार असतें. शुद्धीवर आलेला स्टॅन कोणासच ओळखत नाहीं. दुष्यंतास मुद्रिकेनें स्मृति आली. येथें मेबल आपली चित्रवही उलगडून दाखवीत असतां तिचें पाळीव डुकर आजोबांच्या अंगावर चढतें, आणि आजोबा त्यास नांवानें हांक मारून हुसकावतात! (सोंवळ्यांतील वाचकांनीं वराह म्हणावें, म्हणजे झालें.) निर्वहणसंधींत अद्भुत रस योजावा असें भरतमुनि सांगतात, त्याचें वाहन हें असेल, असें त्यांच्याही मनांत आलें नसेल.

मुलें तेरा वर्षांचीं होऊन मोटारीनें घरीं जातात. दोघे म्हातारे बाळपणीं ठरविल्याप्रमाणें नाव घेऊन समुद्रावर निघतात. मालिकाकार अलेक्स हर्श यांनीं ती ऐन भरांत असतां आपण होऊन संपविली; एरवीं हे म्हातारे अजून बंदरांतच असते. हर्श यांस स्वतःस जुळी बहीण आहे, व मेबल तिच्यावरूनच घडलेली आहे.

त्या रात्रीं आम्हीं बंधूंस पत्र लिहावयास घेतलें. चार कागद फाडले. पांचवा टपालांत टाकला. उत्तर अद्याप नाहीं.

मुलांनीं मालिका पुनः पहिल्यापासून लावली आहे. पहिल्याच भागाच्या शेवटीं, सारीं निजल्यावर, स्टॅन आजोबा खाऊच्या यंत्राच्या कळा दाबून त्यामागील गुप्त दारानें आंत जातात. पूर्वीं त्या जागीं ‘चोर आहे लेकाचा!’ असें आम्हीं मोठ्यानें म्हटलें होतें. परवां तो प्रसंग आला तेव्हां नातीनें उठून दिवा मालवला, आणि कोणीच कांहीं बोललें नाहीं.