जाहीरनाम्यातील वीज आणि बांधावरची वीज : मतदानापूर्वी काय तपासाल?

20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे मतदान झाले. गहू, हरभरा, कांदा या पिकांच्या पाण्याच्या पाळ्याही याच दिवसांत सुरू होतात. महायुती आणि महाविकास आघाडी या दोन्ही बाजूंनी विजेबाबत आश्वासने दिली होती. गावोगावच्या सभांमध्ये मात्र चर्चा झाली ती बिलाची. पिकाच्या दृष्टीने बिलाइतक्याच तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत : वीज कोणत्या वेळी येते, सलग किती तास टिकते आणि पुरेशा दाबाने मिळते का. दोन्ही बाजूंची धोरणे या कसोटीवर तपासून पाहू.

कोण काय म्हणते?

महायुती :
- जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ लागू केली. 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे 44 लाख कृषिपंपांना याचा लाभ आहे. कालावधी एप्रिल 2024 ते मार्च 2029.
- सौर कृषी वाहिनी योजना 2.0 आणि ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनांवर भर आहे.
- निवडणुकीच्या दहा वचनांत वीजबिलात 30 टक्के कपात आणि सौर, अक्षय ऊर्जेवर भर असे म्हटले आहे.

महाविकास आघाडी :
- ‘महाराष्ट्रनामा’मध्ये महिन्याला 300 युनिटपर्यंत वापर असलेल्या ग्राहकांचे 100 युनिटचे बिल माफ करण्याचे वचन आहे. याचा फायदा मुख्यतः घरगुती मीटरला होईल.
- आघाडीच्या पाच गॅरंटींमध्ये शेतकऱ्यांसाठी 3 लाखांपर्यंत कर्जमाफी आणि नियमित फेड करणाऱ्यांना 50 हजारांचे प्रोत्साहन आहे. कृषिपंपाच्या विजेचा वेगळा मुद्दा त्या पाचांत नाही.

त्यामुळे आघाडीचे कृषिपंपाबाबतचे धोरण समजून घ्यायचे, तर तिच्या सत्ताकाळातील निर्णयाकडे पाहावे लागते. 2020 च्या कृषिपंप वीज जोडणी धोरणात पहिल्या वर्षी थकबाकी भरणाऱ्याला सुधारित थकबाकीत 50 टक्के सवलत होती. वसुलीतील 33 टक्के रक्कम त्याच ग्रामपंचायत क्षेत्रात आणि 33 टक्के जिल्ह्यात वीज यंत्रणेच्या कामांवर खर्च करण्याची तरतूद होती.

म्हणजे एका बाजूला ‘बिल शून्य, पुढे सौर’ असा मार्ग आहे. दुसऱ्या बाजूचा मार्ग ‘बिल भरा, सवलत घ्या, त्याच पैशातून गावातली यंत्रणा सुधारा’ असा होता. दोन्ही मार्गांत अडचणी आहेत.

मोफत विजेचा खर्च कोण उचलतो?

या योजनेचा वार्षिक भार 14,760 कोटी रुपये आहे. त्यात आधीपासूनची सवलत 6,985 कोटींची आणि नवी भर 7,775 कोटींची. 44 लाख पंपांनी भागल्यास पंपामागे वर्षाला सरासरी साडेतेहतीस हजार रुपये येतात. ही रक्कम सरकारने महावितरणला वेळेवर दिली, तरच वाहिन्यांची दुरुस्ती आणि रोहित्रे (डीपी) बदलण्याचे काम नीट चालेल.

याच शासन निर्णयात तीन वर्षांनंतर आढावा घेऊन पुढचा निर्णय घेण्याची तरतूद आहे. म्हणून ‘पाच वर्षे मोफत’ असे कोणी सांगितले, तर 2027 मधील आढाव्यानंतर काय होणार, हे विचारा.

याला जुना अनुभवही आहे. 2004 च्या निवडणुकीपूर्वी सुशीलकुमार शिंदे सरकारने कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. निवडणुकीनंतर तीच आघाडी पुन्हा सत्तेवर आली आणि 2005 मध्ये योजना बंद झाली. पक्ष कोणताही असो, तिजोरीवर ताण आला की पहिला आढावा अशाच सवलतींचा होतो.

एका पाण्याचा हिशेब

एक एकर कांद्याला पाटाने 5 सेंटिमीटर खोलीचे पाणी द्यायचे, तर सुमारे 2 लाख लिटर पाणी लागते. 5 अश्वशक्तीचा पंप सेकंदाला 5 लिटर पाणी देत असेल, तर तासाला 18 हजार लिटर होतात. म्हणजे एका एकराला अकरा तास. पंप तासाला साधारण चार युनिट घेतो, म्हणून एका पाण्याला चाळीस-पंचेचाळीस युनिट वीज लागते.

कृषी वाहिन्यांवर थ्री फेज वीज दिवसा 8 तास किंवा रात्री 8 ते 10 तास, अशी चक्राकार पद्धतीने मिळते. म्हणजे सलग वीज मिळाली तरी एकर एका दिवसात भिजत नाही. मध्येच वीज गेली, तर अर्धवट भिजलेल्या सऱ्यांमध्ये पुन्हा सुरुवातीपासून पाणी सोडावे लागते आणि वरच्या टोकाला पाणी जास्त होते. दाब कमी असला, तर पंपाचा प्रवाह घटतो, मोटार तापते आणि जळते. मोटार भरून आणण्याचा खर्च मोफत विजेच्या योजनेत येत नाही.

रात्रीच्या विजेचा प्रश्न याहून गंभीर आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या ऊसपट्ट्यात रात्री दारे धरायला जाणे म्हणजे बिबट्याची भीती. सर्पदंशाचा धोका तर सगळीकडेच. म्हणून अनेक जण ऑटो स्विच लावून घरी येतात. वीज आली की सगळे पंप एकाच वेळी सुरू होतात, रोहित्रावर भार येतो आणि ते जळते. शिवाय पाणी वाया जाते आणि जमीन चिबडते. दिवसा वीज मिळाली, तर यातले बरेच प्रश्न सुटतात. मार्च 2022 मध्ये कोल्हापुरात दिवसा दहा तास विजेसाठी आंदोलन झाले, तेही याच कारणाने. तेव्हा सत्तेत महाविकास आघाडी होती. सरकार बदलले, तरी अनेक वाहिन्यांवर रात्रीची पाळी अजून आहेच.

सौर म्हणजे नेमके काय?

प्रचारात दोन वेगळ्या योजना एकत्र सांगितल्या जातात. त्यांतला फरक लक्षात घ्या.

- सौर कृषी वाहिनी : उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज कृषी वाहिनीला दिली जाते. तुमचा पंप, मीटर तेच राहते आणि वीज दिवसा मिळते. 2.0 मधील पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला. प्रकल्पाला जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. मात्र वाहिनीच्या तारा आणि रोहित्रे जुनीच राहिली, तर दिवसाही दाबाची तक्रार राहील.
- सौर कृषिपंप : पॅनेल आणि पंप तुमच्याच शेतात बसतो. हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्ती. पंपाची क्षमता जमिनीवरून ठरते, पण पाण्याची खोली जमिनीच्या क्षेत्रावर अवलंबून नसते. खोल बोअर असलेल्या दोन एकरवाल्याने अर्जापूर्वी हेड तपासून घ्यावे. ढगाळ दिवसांत पाणी कमी मिळते. पाच वर्षांची हमी आहे, पण तालुक्यात दुरुस्तीची सोय आहे का ते पाहा.

पाण्याची बाजू

विजेच्या धोरणात भूजलाचा विचार दोन्ही बाजूंकडे कमी दिसतो. पंजाबमध्ये 1997 मध्ये शेतीला मोफत वीज सुरू झाली आणि तेथील बहुतेक तालुका गटांत भूजलाचा अतिउपसा झाला आहे. पाणी खोल गेले की मोठा पंप लागतो. आपल्याकडे 7.5 अश्वशक्तीची मर्यादा ओलांडली की सवलतही जाते. उलट गुजरातने 2003 ते 2006 दरम्यान ज्योतिग्राम योजनेत शेतीच्या वाहिन्या वेगळ्या केल्या आणि ठरलेल्या वेळी आठ तास वीज दिली. आपल्या शेतकऱ्याची मागणी अशाच खात्रीशीर वेळापत्रकाची आहे.

दारी येणाऱ्या उमेदवाराला विचारा

1. आमच्या वाहिनीवर दिवसा आठ तास वीज कोणत्या वर्षी मिळेल?
2. जळालेले रोहित्र किती दिवसांत बदलून मिळेल?
3. मोफत वीज बंद झाली, तर जुनी थकबाकी पुन्हा बिलावर येणार का?
4. 7.5 अश्वशक्तीवरील पंप आणि सामूहिक उपसा योजनांचे काय?
5. पैसे भरून जोडणीची वाट पाहणाऱ्यांना सौर पंप नको असेल, तर पर्याय कोणता?

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांनी कोणत्याही पक्षाची बाजू न घेता गावातील वाहिनीचे वेळापत्रक आणि रोहित्रावरील पंपांची संख्या शेतकऱ्यांना लिहून द्यावी. हातात आकडे असले, की प्रश्नही नेमके विचारता येतात. मत कोणालाही द्या. पण तुमच्या डीपीबद्दल आणि पाळीच्या वेळेबद्दल जो स्पष्ट उत्तर देतो, त्याचे उत्तर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या रब्बीत ते ताडून पाहता येईल.