टेबलावरचं एमआय-१७
स्केल मॉडेलिंगची हॉबी लागली, की पहिलं किट हमखास फायटर जेटचं! पण मंडळी, या वीकेंडला जरा आपल्या विदर्भाच्या ओळखीचं काहीतरी जोडा ना. हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर! गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडच्या रस्त्यांवर भूसुरुंगांची भीती होती. म्हणून २०२४ च्या लोकसभेला दुर्गम भागातले मतदान कर्मचारी आणि यंत्रं एमआय-१७ मधून गेली.

१:७२ म्हणजे प्रत्येक माप ७२ ने भागायचं. सव्वाएकवीस मीटरचा पंखा टेबलावर जेमतेम ३० सेंटिमीटर! एमआय-८ चं जुनं किट हाती लागलं तर सांभाळा. त्याचा शेपटीचा पंखा उजवीकडे, एमआय-१७ चा डावीकडे. रंग पातळ थरांत द्या, प्रत्येक थर नीट वाळू द्या. डिकॅल्स लावण्याआधी ग्लॉस वार्निश, नंतर मॅट.

आणि हो, शोरूमसारखं चकचकीत ठेवू नका. एक्झॉस्टमागे काळ्या पेस्टलची पूड चोळा, चाकांना माती लावा. कुणी विचारलं, “यावर मिसाइल कुठंय?” तर सांगा, “यातून मतदान यंत्रं गेलीयत, बॉस!”