निसर्गरम्य नसलेला रस्ता

'निसर्गरम्य' हा शब्द मराठीत ज्यानं आणला त्याचं गाव घाटात असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कारण या शब्दाच्या अटी ठरलेल्या आहेत. डोंगर पाहिजे. डोंगरावरून पाणी पडत असलं पाहिजे. पाण्याखाली भिजणारी माणसं पाहिजेत आणि त्या माणसांच्या हातात भाजलेलं कणीस पाहिजे. यातली एक जरी गोष्ट कमी पडली तरी अर्ज नामंजूर! आम्हा बँकवाल्यांना ही पद्धत ओळखीची आहे. कागदपत्रं अपुरी असली की आम्हीसुद्धा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही.

या हिशेबानं आमचा अख्खा सोलापूर जिल्हा नापास. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरला त्याचा सातवा-आठवा हिस्सा पडला तरी माणसं खूश असतात. सह्याद्रीनं ढग पिळून घ्यायचे आणि उरलेलं ओलं फडकं आमच्या अंगावर झटकायचं, अशी ही जुनी वाटणी आहे. तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या हिशेबाबद्दल. जिथं पाऊस नाही तिथं बघण्यासारखं काही नाही. जिथं बघण्यासारखं नाही तिथं राहण्यासारखं नाही. आणि अशा ठिकाणी जो आपण होऊन परत जातो, तो एक तर शिक्षेवर चाललाय किंवा त्याच्या डोक्यात काही बिघाड आहे!

मी आपण होऊन परत गेलो. चौदा वर्षं पुण्यात काउंटरवर बसून झाली, होटगीला आई एकटी, म्हणून बदलीसाठी विनंतीअर्ज केला. शाखेत ही बातमी फुटल्यावर शेजारच्या काउंटरवरच्यानं हळूच विचारलं, "विनंती कुणाची? तुमची की साहेबांची?" दुसरा म्हणाला, "निदान प्रवास तरी विमानानं करा. अडीचशे किलोमीटर रस्त्यात बघायला काय, तर टोलनाके!"

आमची सौ. चिपळूणची. तिच्या माहेरी पावसाळ्यात भिंतीवरसुद्धा शेवाळ उगवतं आणि त्यालाही ते लोक निसर्ग म्हणतात. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेआधी घरी पोचायचं म्हणून, सामानाच्या टेम्पोच्या केबिनमध्ये आम्ही दोघं आणि सोलापूरचा ड्रायव्हर असे निघालो. मागं कपाट, गाद्या आणि तुळशीची कुंडी.

भिगवण आलं आणि डाव्या हाताला मधूनमधून उजनीचं पाणी चमकायला लागलं. "अहो, इथं समुद्र कुठून आला?" हिनं विचारलं. समुद्र नव्हे, ही भीमा. भीमाशंकरला उगवते आणि वाटेत इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड अशा नद्यांना बरोबर घेऊन खाली येते. म्हणजे आषाढात ज्या धबधब्यांखाली पुणेकर भिजतो, त्यातल्या पुष्कळांचं पाणी शेवटी इथंच जमा होतं. शहराचं सांडपाणीही त्याच्या मागोमाग येतं. धबधबा तुमच्या खात्यावर जमा आणि गाळ आमच्या खात्यावर नावे, असली नोंद मी केली असती तर इन्स्पेक्शनला पहिल्याच दिवशी पकडला गेलो असतो!

धरण १९८० साली पुरं झालं. त्यासाठी कितीतरी गावं उठली. पळसदेवचं जुनं दगडी देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की ते वर येतं, आणि मग लोक फोटो काढायला धावतात. हिवाळ्यात त्याच उथळ पाण्यावर दुरून रोहित पक्षी येतात. त्यांच्या खाण्यापिण्याची सोय चिखलात असते, दृश्यात नसते. त्यांना कुणीच सांगितलेलं नाही की हा भाग निसर्गरम्य नाही म्हणून. आम्ही ढाब्यावर चिलापीचं कालवण मागवलं. सौ.नं एक घास घेतला आणि चिपळूणच्या खाडीशी इमान राखून म्हणाली, "वाईट नाहीये." कोकणच्या माणसाकडून याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

टेंभुर्णी मागं पडली, मोहोळच्या बाजूला शाळू निसवलेला होता. काळ्या रानात मैलोगणती ताटं आणि मधूनमधून करडई. या ज्वारीची रीत बघा. पाऊस परतीला लागल्यावर पेरायची आणि मग जमिनीत मुरलेल्या ओलीवर न् पहाटेच्या दवावर पोसायची. शिल्लक ठेवीवर घर चालवणं म्हणजे काय ते आम्ही बी. कॉम.ला तीन वर्षं शिकलो; शाळू ते चार महिन्यांत करून दाखवतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण बघण्याजोगी म्हणून ती कुठल्या कॅलेंडरवर आलेली मी पाहिली नाही.

"आभाळ केवढं आहे हो इथं!" ही म्हणाली. चिपळूणला आभाळ असतं, पण ते हप्त्याहप्त्यानं दिसतं. त्यावर ड्रायव्हर हसला. "काय बघायलाव वहिनी? हितं काय हाय? माळ हाय निस्ता."

खरी गोम इथंच आहे. पुणेकरानं आम्हाला ओसाड म्हटलं तर समजू शकतो. पण त्याचं ऐकून ऐकून आता आमचाच माणूस, आमच्याच जमिनीवरून चाळीसच्या वेगानं जाताना म्हणतो की इथं काही नाही.

आणि 'काही नाही' हा नुसता शब्द राहत नाही, त्याची नोंद होते. आमच्याकडे नव्वद दिवस व्याज आलं नाही की खातं अनुत्पादक ठरतं. सरकारदरबारी माळरानाचं तसंच झालं. गोऱ्या साहेबाच्या महसुलात ज्याचा सारा नाही ते पडीक. पुढं २००० साली आपल्याच सरकारनं पडीक जमिनींचा नकाशासंग्रह छापला, त्यातही झुडपी माळ आणि गवताळ रानं धरली. आता या 'पडीक' खात्यावरचे व्यवहार बघा. धनगराची मेंढरं त्यावर जगतात. लांडगा, कोल्हा, काळवीट जगतात. सोलापूरच्या अलीकडं डाव्या हाताला, नान्नजकडं, १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि लांबवर नजर पोचेल असा मोकळा माळच त्याला लागतो. पण मोकळं म्हणजे ओसाड आणि हिरवं म्हणजे चांगलं, अशी समजूत! मग माळावर झाडं लावली गेली, गिरिपुष्पाची. झाडं लावणाऱ्याला कोण बोलणार? ते पुण्यच! आज तिथं माळढोक दिसलाच तर एखाददुसरा. पक्ष्याचं घर आम्ही निसर्गाच्याच नावाखाली हिरवं करून मोडलं.

सोलापुरातून होटगी रस्त्याला लागलो तर विमानतळ आला. या विमानतळासाठी २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. मग जून २०२५ मध्ये नियमित विमानसेवा सुरू झाली, आणि विमान आधी कुठं निघालं? गोव्याला! म्हणजे आमच्या गावाला पंख फुटले तेही निसर्गरम्य ठिकाणी पळून जायला.

आणि होटगीत काय आहे, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो: जंक्शन आहे. इथून एक रूळ मद्रासकडं जातो आणि दुसरा विजापूरवरून गदगकडं. फलाटावर एक बाई मराठीत भाव सांगते, दुसरी कानडीत घासाघीस करते आणि व्यवहार बरोबर जुळतो. ताळेबंद जुळणं हे दृश्य किती रम्य असतं, ते मार्चअखेरीला बँकेत बसलेल्या माणसाला विचारा.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. घाटाला घाट म्हणा, धबधब्याला धबधबा म्हणा, खुशाल भिजा, कणसं खा. पण 'निसर्गरम्य' हा शिक्का काही वर्षं ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवा. तो ज्या गावावर बसतो तिथं हॉटेलं उगवतात. ज्या गावावर बसत नाही तिथली जमीन फुकटची ठरते, पाखरं उपरी ठरतात आणि परत येणारा माणूस वेडा ठरतो. दोन्हीकडं नुकसानच. ज्याला बघायचं असेल त्यानं दिवसाच्या उजेडात सोलापूरचा रस्ता धरावा, काच खाली करावी आणि डोळे उघडे ठेवावेत. टोलनाके आहेतच, पण त्यांच्या मधल्या जागेला पैसे पडत नाहीत.