नाताळात मन लागत नसेल तर

डिसेंबर लागला की दारात चांदणी टांगली जाते. करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरतात. मंडळीची पोरं रात्री गाणी म्हणत घरोघर फिरतात. आणि अशातच एखाद्या घरात कोणीतरी पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून पडलेलं असतं. त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे सांगणं आहे.

मन उदास आहे, छातीत धडधडतं, सणात गोडी वाटत नाही, म्हणून आपला विश्वास कमी पडला असं समजू नका. कोणी तसं म्हणालं तरी मनावर घेऊ नका.

पवित्र शास्त्रातलं 1 राजे, अध्याय 19 काढून वाचा. एलीया एवढा मोठा संदेष्टा, पण जिवाच्या भीतीने रानात पळाला आणि झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देवाने त्याला रागावलं नाही. त्याला झोपू दिलं. दूत पाठवून भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवून खाऊ घातलं. बोलणं झालं ते कितीतरी नंतर.

तुम्हीही तसंच करा. आधी वेळेवर जेवा. पुरणपोळी-बिर्याणी जात नसेल तर साधं भरीत आणि कळण्याची भाकरी खा, पण पोट रिकामं ठेवू नका. रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि झोपा. सकाळी ऊन अंगावर आलं की शेताच्या वाटेने थोडं चालून या. दारूपासून लांब राहा. ती घटकाभर विसर पाडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली नेते.

प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्रसंहिता उघडा. 88वं स्तोत्र बघा. ते शेवटपर्यंत दुःखाचंच आहे, अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे. म्हणजे रडत रडत केलेली तक्रारही देवाला चालते. तेवढीही ताकद नसेल तर दुसऱ्याला सांगा, "माझ्यासाठी तुम्ही प्रार्थना करा." गेथशेमाने बागेत येशूचा जीव कासावीस झाला, तेव्हा त्यानेही शिष्यांना जवळ थांबायला सांगितलं होतं. सोबत मागण्यात कमीपणा नाही.

आता घरच्यांशी थोडं बोलायचं आहे.

आपल्याच धरणगावचं उदाहरण घ्या. बालकवी ठोंबरे इथे 13 ऑगस्ट 1890 रोजी जन्मले. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या कोवळ्या पोराचं नाव झालं. "आनंदी आनंद" म्हणणारा हा कवी. पण त्याच हाताने "उदासीनता" नावाची कविताही लिहिली. वरून हसरं दिसणारं माणूस आतून कसं असेल, हे बघणाऱ्याला कळत नाही.

या तरुणाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. टिळक ख्रिस्ती धर्मोपदेशक, ठोंबरे हिंदू, आणि ते हिंदूच राहिले. तरी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं मानलं. लक्ष्मीबाईंचं "स्मृतिचित्रे" हे आत्मचरित्र वाचलेल्यांना ती माया ठाऊक आहे. मला वाटतं, ख्रिस्ती घर कसं असावं याचा याहून चांगला धडा आपल्या मराठी मंडळींना दुसरा मिळायचा नाही. माणूस जसा आहे तसा त्याला घरात जागा द्यायची.

तेव्हा तुमच्या घरातली सून किंवा मुलगा सणाच्या दिवशी गप्प असेल तर "सगळं तर आहे, मग काय कमी आहे तुला?" असं विचारू नका. "चारचौघात तोंड पाडून बसू नकोस" असंही नको. जवळ बसा. "आज करंज्या मी तळतो, तू नुसती बस" एवढं म्हणा. चर्चला यायचं नसेल तर ओढून नेऊ नका. यायचं असेल तर मागच्या बाकावर बसवा आणि मधेच उठायचं झालं तर सोबत उठा.

ज्या घरात यंदा कोणी गेलं आहे, तिथला पहिला नाताळ फार जड जातो. अशा घरी "गेलेलं माणूस प्रभूजवळ आहे, रडू नका" हे ऐकवू नका. त्यांना ते माहीत असतं. गेलेल्याचं नाव घ्या, त्याच्या आठवणी काढा, रडू येऊ द्या. चांदणी लावायची इच्छा नसेल तर नका लावू. कोणाला जाब द्यायचा नाही.

पैशाची काळजीही याच दिवसांत पोखरते. कापूस घरात पडून असतो, भाव बघून विकायचा असतो आणि पोरांना नवे कपडे हवे असतात. कर्ज काढून नाताळ करू नका. मुलांना खरं सांगा. पोरं समजून घेतात.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, कामात हात चालेना, तर डॉक्टरकडे जा. मधुमेहाच्या गोळीने विश्वास कमी होत नाही, तसाच मनाच्या गोळीनेही होत नाही. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. पाळकसाहेबांना माझी विनंती आहे: प्रार्थना जरूर करा, आणि "गोळ्या सोडा, विश्वास ठेवा" असं कोणालाही सांगू नका.

बोलायला कोणी नसेल तर 14416 या नंबरवर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही. नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला दिसेल.

घरात कोणी "आता जगून काय करू" असं बोललं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका. आणि फवारणीचं उरलेलं औषध त्याच दिवशी घरातून हलवा. कुलपात नको, शेजारच्या किंवा भावकीतल्या भरवशाच्या माणसाकडे द्या. ती कठीण घटका टळली की पुष्कळ जीव वाचतात. मग लगेच दवाखाना गाठा.

सणाच्या गर्दीत माणूस कसाबसा तग धरतो. सुरत-पुण्याहून आलेली पोरं 31 डिसेंबरची रात्रीची उपासना आटोपून परत जातात, आणि घर एकदम रिकामं होतं. तेव्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जे माणूस तुम्हाला गप्प गप्प वाटलं होतं, त्याच्याकडे चक्कर मारा. फराळाचा डबा परत करायचं निमित्त पुरतं. लांब असेल तर फोन करा, आणि तो दोन मिनिटांत ठेवू नका.