भाषण ऐकलं, आता आमचंही ऐका



गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी एक व्याख्यान झालं. विषय मोठा होता, भौगोलिक माहिती प्रणाली आणि ग्रामीण विकास. जी.आय.एस. हे त्याचं आखूड नाव. अशी व्याख्यानं हल्ली ठिकठिकाणी होतात. आम्ही पाच पाड्यांतले अकरा जण गेलो. वन हक्क समितीचे लोक होते, दोन म्हाताऱ्या बाया होत्या. बसायला खुर्च्या मिळाल्या, चहा-बिस्कीट मिळालं. हे मुद्दाम लिहितो, कारण दाव्याचे कागद घेऊन गेलं की त्याच इमारतीत दिवसभर उभं राहावं लागतं.

पडद्यावर आपलं रान दाखवलं, वरून काढलेलं. नदी ओळखू आली, धरण ओळखू आलं, डांबरी रस्ता तर लगेच. मग वक्ते म्हणाले, माणूस खोटं बोलेल, उपग्रह बोलत नाही; 2005 साली कुठं शेती होती नि कुठं जंगल, हे आता कुणाला विचारत बसायची गरज नाही. टाळ्या पडल्या. आमच्यातल्याही दोघांनी वाजवल्या.

तेव्हा मागं बसलेली आजी उठली. म्हणाली, "माजी वरकस दाखीव." शोधून एक तांबडा ठिपका दाखवला. त्या चित्रांत झाडपाला तांबडा दाखवायची रीत आहे. वक्ते म्हणाले, इथं झुडपी जंगल दिसतं. आजी म्हणाली, "त्या सालाला पडीक टाकलेली. त्याच्या आदी खुरासनी व्हती, त्याच्या आदी वरई, त्याच्या आदी नागली." वक्ते हसले, घड्याळ बघितलं आणि पुढचं चित्र लावलं.

आमचं भांडण ह्या हसण्याशी आहे. आजीनं तीन वाक्यांत जी माहिती दिली ती त्या पडद्यावर कुठंच नव्हती, आणि त्याच माहितीवर दावा टिकायचा किंवा पडायचा आहे.

वरकस म्हणजे उताराची जमीन. एक साल नागली, दुसऱ्या साली वरई, तिसऱ्या साली खुरासणी, मग काही वर्षं विसावा. विसाव्यात तिथं गवत नि झुडूप वाढणारच; त्यासाठीच तर ती टाकतात. पीक उभं असतं पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात वर ढग असतात, म्हणून उपग्रहाची चांगली चित्रं येतात ती पाऊस गेल्यावर. तोवर नागली कापून खळ्यावर गेलेली असते. उरलेलं धसकट आणि शेजारच्या माळाचं वाळलेलं गवत, वरून दोन्ही सारखंच. मोहाचं, आंब्याचं झाड आपण शेतातून तोडत नाही. त्या झाडांच्या सावलीनं शेतही जंगलात धरलं जातं. देशाचं वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी जंगल मोजतं, त्याची व्याख्याच अशी आहे की एक हेक्टरच्या वर जागा असेल आणि दहा टक्क्यांच्या वर झाडांची सावली असेल तर ते वनाच्छादन, मग जमीन कुणाचीही असो, वापर काहीही असो. म्हणजे एखाद्या बागायतदाराची आंब्याची वाडीही त्यात येते. त्याला कुणी उठवायला जात नाही, हा भाग वेगळा.

आता मापाचं बोलू. वन सर्वेक्षण ज्या कॅमेऱ्याची चित्रं वापरतं त्याचं नाव लिस-3. त्या चित्रातला सगळ्यात लहान चौकोन जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब, तेवढाच रुंद. गुणाकार करा, साधारण साडेपाच गुंठे झाले. त्या साडेपाच गुंठ्यांत तुमचं खाचर, बांध, दोन झाडं, खोपटं, सगळं मिसळून एकच रंग निघतो. वीस गुंठ्यांचं शेत असेल तर त्याला चार चौकोनही पुरे मिळत नाहीत, आणि तेही अर्धे शेजारच्या रानात गेलेले. याहून बारीक बघणारे कॅमेरे होते. लिस-4 चा चौकोन 5.8 मीटरचा आहे, आणि मे 2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1 चा अडीच मीटरचा. म्हणून कुणी तुम्हाला चित्र दाखवून दावा नाही म्हणालं, तर आधी हे विचारा: साहेब, चित्र कोणत्या कॅमेऱ्याचं, कोणत्या तारखेचं? कायद्यानं 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा बघायचा आहे. तारीख सांगता येत नसेल तर ते चित्र भिंतीवर लावायच्या कॅलेंडराइतकंच कामाचं.

व्याख्यानात कायद्याबद्दल एक शब्द निघाला नाही, ही आमची मोठी तक्रार. सप्टेंबर 2012 मध्ये वन हक्काचे नियम दुरुस्त झाले. त्यातल्या बारा-अ नियमात स्पष्ट लिहिलंय की उपग्रहाची चित्रं आणि असली तंत्रं दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून चालतील, त्याच्या जागी चालणार नाहीत. ठरावीक एकाच जातीचा कागद आणा असा हट्टही वरच्या समित्यांना धरता येत नाही. तेराव्या नियमात पुरावे मोजून दिलेत. घर, झोपडी, बांधबंदिस्ती, विहीर, मसणवट, देवाची जागा, आणि दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब. म्हणजे वक्ते ज्याला हसले तो आजीचा शब्द, शेजाऱ्याच्या दाव्यात, कायद्यानं पुरावा आहे.

गुजरातेत हेच घडलं. तिथं उपग्रहाच्या चित्रावरून ढिगानं दावे नाकारले गेले. लोक हायकोर्टात गेले, आणि मे 2013 मध्ये कोर्टानं सांगितलं की नुसत्या चित्रावर दावा फेटाळता येणार नाही, बाकीचे पुरावेही बघा, दावे फेर तपासा. पण त्या गोष्टीची दुसरी बाजू आम्हाला जास्त शिकवणारी वाटते. नर्मदा जिल्ह्यातल्या गावांतल्या पोरापोरींनी जी.पी.एस.चं यंत्र हातात घेतलं, बांधाबांधानं चालून आपली शेतं मोजली आणि तीच मोजणी उपग्रहाच्या चित्रावर बसवली. ज्या चित्रात शेती नाही असं सांगत होते, त्याच चित्रांत शेती दिसली. चित्र एकच, बघणारा बदलला.

म्हणून आपल्यातले काही जण म्हणतात की यंत्र सरकारचं, त्याला हात लावू नका, ते आम्हाला पटत नाही. यंत्राला लाजायचं कारण नाही. त्याची खोड मात्र माहीत पाहिजे. आभाळातले निदान चार उपग्रह धरता आले तर ते जागा सांगतं. दाट झाडीत, घळीत ते पाच-दहा मीटर चुकतं, कधी जास्तही. आपली पट्टी जर वीस मीटरच रुंद, तर दोन्ही अंगांनी पाच-पाच मीटर गेले की राहिलं काय? त्यात एका पाड्यात मोजायला आलेला माणूस नाल्याच्या पलीकडं उतरलाच नाही, अलीकडंच उभं राहून बटण दाबलं. ती चूक यंत्राची धरायची का?

नकाशाशी आपली ओळख आजची नाही. 1878 च्या जंगल कायद्यानंतर इंग्रजांनी रानं राखीव केली तीही नकाशावर रेघा ओढूनच. रेघ ओढणारा आपल्या भाषेत बोलत नव्हता. आताचा बोलतो, मराठी छान बोलतो, पण विचारत नाही.

आम्ही व्याख्यान ठेवणाऱ्यांना पत्र दिलंय. पुढचं व्याख्यान पाड्यात, ग्रामसभेपुढं करा. आपल्या गावाची जी चित्रं दाव्यांसाठी वापरली ती तारखेसकट समितीला द्या. नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू, मसुदा तयार आहे. नाकारलेल्या प्रत्येक दाव्याचं कारण लेखी पाहिजे; ते मिळाल्यापासून साठ दिवसांत वर दाद मागता येते, म्हणून कागद हातात पडला की त्यावर तारीख घाला, चुलीमागं खोचून ठेवू नका.

तोवर आपला नकाशा आपण काढायचा. संघटनेकडं दोन यंत्रं आहेत. भात झोडून झालं की सुरुवात. समितीचे लोक, शेजारच्या बांधाचे दोघे आणि एक म्हातारं माणूस सोबत असल्याबिगर मोजणी करायची नाही. कोणत्या साली काय पेरलं, कधी टाकलं, तेही वहीत लिहायचं. आजी म्हणते तिच्या वरकसपासून धरा, पण चढ मोठा आहे, उजाडतानाच निघावं लागेल.