पॉइंट बघून झाले, खोरे राहिले

पावसाळ्यातल्या रविवारी मुंबई-नाशिक महामार्गावरचे घोटी गाव सकाळपासूनच गजबजते. भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या फाट्यावर मोटारी, दुचाक्या आणि सहलीच्या बस एकमेकींवर हॉर्न वाजवत वळतात. बसच्या पुढच्या काचेवर एकदिवसीय सहलीची पाटी असते, ड्रायव्हरशेजारी माइक घेतलेला गाइड असतो. रंधा धबधबा, विल्सन धरण, अम्ब्रेला फॉल, रतनवाडी, जमलेच तर घाटघर, अशी यादी ठरलेली. प्रत्येक ठिकाणी उतरण्याआधीची घोषणाही ठरलेली: ‘वीस मिनिटं आहेत, फोटो काढून घ्या, गाडी कुणासाठी थांबणार नाही.’

अशा सहलींना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. पाठीवर सॅक टाकून रतनगड चढणाऱ्यांना बसमधली मंडळी हौशी वाटतात. पण खोऱ्याच्या बाजूने पाहिले तर बसचे पारडे जड आहे. चाळीस माणसे चौघाचौघांनी मोटारीने आली तर दहा गाड्या येतात. बसने आली तर एकच. धरणाला वळसा घालणारा रस्ता अरुंद आहे आणि तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जातो. मेअखेरीस काजवे पाहायला झुंबड उडते, तेव्हा दहा गाड्या आणि एक बस यांतला फरक चांगलाच जाणवतो. काजव्याचा नर प्रकाशाच्या उघडझापीने मादीला हाक घालतो. हेडलाइटच्या झोतात ती हाक विरून जाते. शिवाय स्वतःची गाडी नसलेले, गुडघे दुखणारे, एकटीने निघालेल्या निवृत्त शिक्षिका, या सगळ्यांना हे खोरे दाखवते ती बसच.

तेव्हा तक्रार बसबद्दल नाही, माइकबद्दल आहे. ‘मार्गदर्शकासह’ म्हणून विकलेल्या सहलीत मार्गदर्शन म्हणजे बहुतेक वेळा कोणत्या सिनेमाचे चित्रीकरण कुठे झाले ते, एखादी भुताची गोष्ट आणि जेवणाचे हॉटेल किती किलोमीटरवर आहे एवढेच. दिवसभर खिडकीबाहेर जे दिसत राहते, त्याबद्दल अवाक्षर नाही.

आणि दिसते ते काही थोडेथोडके नसते. पाण्याचेच घ्या. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा अडवून इंग्रजांनी इथे सुमारे 82 मीटर उंचीचे दगडी धरण बांधले. काम 1910 मध्ये सुरू झाले, 1926 मध्ये पुरे झाले आणि मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. घाटघरला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, तर याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागात पाचशे मिलिमीटर पडला तरी साल बरे गेले म्हणतात. वरचे पाणी साठवायचे आणि कालव्यांनी खालच्या दुष्काळी पट्ट्यात न्यायचे, हा या धरणाचा हेतू. ते 11 टीएमसी पाणी खाली गेले आणि प्रवराकाठी ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू केला, त्यामागेही हेच कालवे होते. पुढे त्याच नदीवर निळवंडे धरण आले. 1970 मध्ये मंजुरी मिळालेल्या त्या प्रकल्पाच्या डाव्या कालव्यात पाणी सुटायला 2023 उजाडले.

इकडे धरणाच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात काय होते? पावसाचे माहेरघर म्हणवणाऱ्या या पट्ट्यातल्या काही वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. अम्ब्रेला फॉलसमोर सेल्फी काढणाऱ्याला कुणी हे सांगितले, तर त्याची सहल बिघडणार नाही. धरणातून पाणी सोडतात तेव्हाच ते खडकावर छत्रीसारखे पसरते. एरवी तिथे फक्त खडक असतो. हा धबधबा धरणाच्या दारातून सुटतो, एवढे समजले तरी त्या फोटोला अर्थ येतो.

माणसांचेही तसेच. इथल्या वस्त्या मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या. इंग्रज आणि सावकार दोघांविरुद्ध बंड करणारे आणि 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. गावठी बियाण्यांची बँक उभारून 2020 चा पद्मश्री मिळवणाऱ्या राहीबाई पोपेरे तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या. हा काळभात, नागली आणि वरईचा मुलूख. पण सहलीतले जेवण म्हणजे महामार्गालगतच्या हॉटेलातले पनीर बटर मसाला आणि तंदुरी रोटी. जुलैत आवणी चाललेली असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका रोपे लावत असतात आणि दोन-चार हौशी पर्यटक बांध तुडवत फोटोसाठी खाचरात उतरतात. गाइड बसच्या दारातून शिट्टी मारतो, ती उशीर होतो म्हणून.

वाटाड्यांची इथे वाण नाही. सांदण दरीत ट्रेकरना घेऊन जाणारे साम्रद गावचे तरुण हे काम करतात, शिवाय राहण्या-जेवणाची सोयही बघतात. शहरातून आलेली बस मात्र शहरातलाच गाइड घेऊन येते आणि त्यालाच घेऊन परतते. गावाच्या वाट्याला भाजलेली कणसे, चहा आणि प्लास्टिकच्या बाटल्या.

वेगळे करता येते, हे साताऱ्याजवळच्या कास पठाराने दाखवले आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत कासचा समावेश झाला आणि फुलांपेक्षा पावले जास्त, अशी अवस्था आली. त्यानंतर रोजच्या पर्यटकसंख्येला मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि प्रवेशशुल्क अशी घडी बसवण्यात आली. आसपासच्या गावांच्या समित्या वन विभागासोबत हंगाम चालवतात; गाडीतळ, फाटक, वाटाडे ही कामे गावकऱ्यांकडे असतात. गर्दीच्या दिवशी कासलाही दम लागतो, तिथल्या तक्रारी संपलेल्या नाहीत. तरी पर्यटकाचा पैसा गावात थांबतो.

सहल कंपन्यांचे म्हणणे असते, ‘लोकांना पॉइंटच हवे असतात.’ ते खोटे नाही, कारण जाहिरातीत तेच मोजून दाखवलेले असतात. नाशिकहून भंडारदरा सुमारे सत्तर किलोमीटर. दिवस हाताशी राहतो. मुंबई-पुण्याहून निघालेल्या बसचा अर्धा दिवस रस्त्यातच जातो, त्यामुळे तिथे यादी लांबवण्यात शहाणपण नाही. दोन थांबे गाळावेत. शेंडी गावात स्थानिक वाटाड्या बसमध्ये चढावा आणि माइक त्याच्या हाती द्यावा. जेवण एखाद्या महिला बचत गटाकडे आगाऊ सांगून ठेवावे: नागलीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, वाफाळता भात. वाटाड्याचे मानधन आणि गटाचे बिल तिकिटातच धरले, तर चाळीस जणांत तो भार कुणाला जड जाणार नाही. मात्र गाव दाखवायचे म्हणून अंगणात आदिवासी नाच लावू नये आणि न विचारता कुणाच्या घरात कॅमेरे घुसवू नयेत.

सुरुवात शाळांपासून करणे सोपे. प्रासंगिक कराराने सहलीला एसटी नेणाऱ्या शाळांना भाड्यात 50 टक्के सवलत मिळते आणि या सहली बहुतेक हिवाळ्यात निघतात. डिसेंबर-जानेवारीत भात झोडून घरात आलेला असतो, माणसांना बोलायला सवड असते, रस्ते मोकळे असतात. भूगोलाच्या पुस्तकातले पर्जन्यछायेचे प्रदेश, धरण आणि कालवे एका दिवसात दाखवता येतील अशी जागा जिल्ह्यातल्या शाळांना शोधायला लांब जावे लागत नाही. सहलीचा अर्ज भरताना मुख्याध्यापकांनी ठिकाणांच्या यादीखाली स्थानिक वाटाड्यासाठी एक ओळ जोडावी आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी मंजुरी देताना ती आहे का ते पाहावे, हे येत्या हंगामातही जमण्यासारखे आहे.